तेरा इंची पडदा आणि हाम वस्तादांचा डोळा

योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणारा गिल गिऱ्हाइकाला बाहीला धरूनच आत ओढतो. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी त्याने हाम जे-मुन यांची बाही धरली. पुढच्या क्षणी तो स्वतःच्याच काउंटरवर पालथा पडला होता आणि त्याचं मनगट पाठीमागे पिरगळलेलं होतं.

“सोडा, शेठ, सोडा! याच हाताने स्क्रू फिरवतो मी!”

“मग स्क्रूच फिरव. बाही कशाला ओढतोस?”

हाम अठ्ठावन्न वर्षांचे. यंगदुंगपो भागात एका तळघरात त्यांची बॉक्सिंगची तालीम आहे आणि तिथे सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. तरुणपणी ते एकतीस लढती लढले, बावीस जिंकले. नाक तीनदा मोडलं. बुसानमधल्या एका लढतीत समोरच्याचा अंगठा त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला आणि डोळ्यामागचा पडदा फाटला. शस्त्रक्रिया झाली, पण नजर आली नाही. परवान्यासाठी डोळे तपासायची वेळ आली तेव्हा त्यांनी तेच केलं जे त्या काळी निम्मे बॉक्सर करत. रांगेतल्या पुढच्या माणसाकडून तक्त्यावरचे आकडे विचारून घेतले आणि पाठ म्हटले. चार, नऊ, सहा, तीन. त्यावर ते आणखी नऊ लढती लढले. पुढे उजव्या डोळ्यातही काळ्या माशा तरंगू लागल्या. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

लॅपटॉप हवा होता तो प्यो सोन-जूसाठी. सोनजू एकोणतीस वर्षांची, दिवसभर मोटरसायकलवरून पार्सलं पोचवते आणि संध्याकाळी तालमीत येते. आदल्या वर्षी बोंग मि-रे नावाच्या मुलीने चौथ्या फेरीत डाव्या हाताचा हुक, बाजूने वळून येणारा ठोसा, मारून तिचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. पाच आठवडे सोनजू नळीने पेज पीत होती. मार्चच्या तिसऱ्या रविवारी पुन्हा त्याच बोंगशी गाठ होती. ठोसा सोडण्याआधी बोंगचं अंग काहीतरी खूण देत असणार. प्रत्येकाचं देतंच. पहिल्या लढतीचं मोबाईलवर काढलेलं चित्रण वस्तादांकडे होतं. ती खूण सापडली नाही, तर जबडा पुन्हा जाणार, किंवा त्याहून वाईट काही होणार. तालमीतला जुना संगणक सरावात कोणीतरी अंगावर कोसळून फुटला होता.

गिलने मनगट चोळत दोन लॅपटॉप समोर ठेवले. “हा सतरा इंची. पडदा जाडाभरडा, पण अक्षरं कलिंगडाएवढी. म्हातारे हाच नेतात. आणि हा तेरा इंची. एका कंपनीतनं आलाय, आतलं सगळं मी नवं घातलंय. पडद्यावर ठिपके त्या सतरा इंचीच्या तिप्पट. चित्र कसं, सुरीने कापल्यासारखं. फक्त नजर पाहिजे.”

“माझ्या नजरेला काय धाड भरलीय?”

“मी कुठं काय म्हटलं, आजोबा?”

वस्तादांनी तेरा इंची पुढे ओढला. “पांढरा पडदा लाव.”

हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. दुकानदार मुद्दाम गडद चित्र लावतात, त्यात मेलेले, न उजळणारे ठिपके लपतात. गिलने पडदा पांढरा केला. वस्तादांना सात काळे ठिपके दिसले. त्यातले किती लॅपटॉपचे आणि किती डोळ्यातले, ते त्यांना कळेना.

“काय, दिसतोय एखादा?” गिलने विचारलं.

“एकही नाही.”

त्यांनी तोच घेतला. निघताना गिल म्हणाला, “मोबाईलचं चित्रण यात छोटं दिसेल. पसरवता येतं, पण पसरवलं की चित्र फाटतं.” हे वाक्य वस्तादांच्या फार कामी आलं.

तालमीत लढतीची चौकट पत्त्याच्या पानाएवढी उघडली. सोनजूने दुरूनच विचारलं, “एवढंसं? मोठं करा की.”

“मोठं केलं की फाटतं. जा, दोरीच्या उड्या मार.”

ती गेली. खाली पडलेल्याने स्वतःचं पडणं बघायचं नाही, ते हाडात बसतं, असा या तालमीचा नेम आहे. बघायचं ते वस्तादांनी. वस्ताद नऊ दिवस त्या पानाएवढ्या चौकटीसमोर बसले. दोन राखाडी डाग एकमेकांवर आदळत होते. दहाव्या दिवशी त्यांनी सांगितलं, “हुकच्या आधी ती उजवं पाऊल बाहेर टाकते. पाऊल हललं की डावीकडे झुक आणि बरगडीत घाल.”

दोन आठवडे सोनजूने दुसरं काही केलं नाही. पाऊल, झुक, बरगडी.

रविवारी दुपारी तीनला लढत सुरू झाली. पहिल्या फेरीत सोनजूने बोंगचा ओठ फोडला. दुसऱ्या फेरीत बोंगचं उजवं पाऊल हललं, सोनजू डावीकडे झुकली, आणि उजव्या हाताचा सरळ ठोसा तिच्या डाव्या डोळ्यावर बसला. तिसऱ्या फेरीत पाऊल जागेवरच राहिलं आणि हुक आला. ती गुडघ्यावर गेली, आठच्या मोजणीला उठली. चौथीत पाऊल दोनदा हललं, दोनदा ती झुकली आणि दोन्ही ठोसे त्याच डोळ्यावर पडले. भुवई उघडली. रक्त पंचाच्या पांढऱ्या शर्टावर उडालं. गर्दी उठून उभी राहिली.

फेरी संपल्यावर कोपऱ्यात वस्तादांनी भुवईत व्हॅसलीन दाबलं.

“पाऊल खोटं आहे,” सोनजू दात आवळून म्हणाली.

“पाऊल विसर.”

“मग काय बघू? सांगा ना! तुम्ही पाहिलंत ना?”

वस्ताद भुवईच दाबत राहिले. ते पाऊल बोंगचं नव्हतंच. बुसानमध्ये ज्याच्या अंगठ्याने त्यांचा डोळा घेतला, त्याचं होतं. दिसत नव्हतं तिथे त्यांनी आठवणीतलं भरलं होतं.

पाचव्या फेरीनंतर सोनजू कोपऱ्याकडे वळली तेव्हा स्टूल तिच्या डाव्या हाताला होतं. ते शोधायला तिने अख्खी मान फिरवली. ती मान वस्तादांनी ओळखली. पस्तीस वर्षं ते स्वतः तशीच फिरवत आले होते.

डॉक्टर दोरांमधून वाकले, तिचा उजवा डोळा झाकला आणि हात वर केला. “बोटं किती?”

“दोन,” सोनजू म्हणाली. हात अजून पुरता वर आलाही नव्हता.

बोटं दोनच होती. हे डॉक्टर पहिल्यांदा नेहमी दोनच दाखवतात, आणि हे तिला वस्तादांनीच शिकवलं होतं. डॉक्टरांनी मान हलवून परवानगी दिली. सोनजू उठली. वस्तादांनी खांद्यावरचा टॉवेल काढून रिंगमध्ये फेकला, म्हणजे हार मान्य.

“वेडे झालात?” ती किंचाळली. “लढतेय मी! लढतेय ना?” तिने ग्लोव्हजसकट त्यांच्या छातीवर ठोसा हाणला. वस्ताद दोरांवर आदळले, पण टॉवेल उचलायला वाकले नाहीत.

“डावा डोळा,” ते डॉक्टरांना म्हणाले. “तिला दिसत नाही. मी सांगतो, मला माहीत आहे ते कसं असतं.”

सोनजूच्या डोळ्यामागच्या पडद्याला चीर गेली होती. ती अजून पसरली नव्हती, म्हणून त्याच संध्याकाळी लेझरने डागून बंद करता आली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक फेरी झाली असती तर त्यांच्या हातात काही उरलं नसतं.

अकरा दिवसांनी सोनजू डोळ्यावर पट्टी लावून तालमीत आली. वस्ताद बैलाच्या गोठलेल्या रक्ताच्या वड्यांचं सूप पीत बसले होते. तिने नमस्कार केला नाही. सरळ लॅपटॉप उघडला आणि पहिल्या लढतीची चौकट लावली.

“तू बघायचं नसतं ते,” वस्ताद म्हणाले.

“तुम्हीच बघायचं असतं, नाही का? बघा मग.” तिने बोट ठेवलं. “दिसलं?”

सवयीने त्यांच्या ओठांवर ‘हो’ आलं. ते त्यांनी गिळलं.

“नाही.”

तिने चौकट दुप्पट केली. “आता?”

“नाही.”

तिने पडदाभर केली. चित्राच्या कडा फाटल्या, चेहऱ्यांचे चौकोन झाले. “आता?”

वस्ताद नाक टेकेल इतके पुढे वाकले. सोनजूने तोच क्षण तीनदा, चारदा, सातदा पुढेमागे केला.

“हनुवटी,” वस्ताद अखेर म्हणाले. “हुकच्या आधी ती हनुवटी छातीत घालते.”

“हं,” सोनजू म्हणाली. मग तिने पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात नखाने टकटक केलं. “आणि इथे एक ठिपका मेलाय. घेताना पाहिला नाहीत?”

“नाही,” वस्ताद म्हणाले. “दिसला नाही.”