पत्त्याच्या शेवटचा आकडा

माझं काम वेबसाइट तपासायचं. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिल्यापासून मी कर्जतच्या घरी बसून दुसऱ्यांच्या साइटमधली भोकं शोधते. आई म्हणते, तुला खोड्या काढायचाच पगार मिळतो.

ताईनं समाजाच्या वधूवर मंडळाच्या साइटवर नाव घालायचं कबूल केलं, तेव्हा आई आणि मी एकमेकींकडे बघून गुपचूप हसलो. घटस्फोटानंतर ती हा विषयच काढू देत नव्हती. पहिलं लग्न का मोडलं, हे तिनं मोकळेपणानं लिहिलं, कारण त्या रकान्यावर स्पष्ट म्हटलं होतं: फक्त मंडळासाठी.

तिचं पान बघताना माझे हात शिवशिवले. वर साइटच्या पत्त्याच्या शेवटी तिचा सभासद क्रमांक होता. त्यातला एक आकडा मी बदलला. खालापूरच्या एका अनोळखी मुलीचं पान उघडलं, फोन नंबरासकट आणि त्या मंडळापुरत्या रकान्यासकट. म्हणजे ताईचंही कुठल्याही सभासदाला दिसत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तशीच स्कूटर काढून कडावला गेले. मंडळाचे अध्यक्ष भातगिरणी चालवतात, आम्ही त्यांना काकाच म्हणतो.

"पासवर्ड हाय ना गं," ते म्हणाले. "आत येणारी समदी आपलीच माणसं. आपल्यात काय लपवायचं?"

"काका, घरात घेतलं म्हणून पाहुणा कपाट उघडतो का? तुमची साइट माणूस आत आला एवढंच बघते. तो मागतोय ते पान त्याला दाखवायचं का, हे तपासतच नाही."

त्यांच्याच मोबाइलवर मी आकडा बदलला. कुणा मुलीचं पान उघडलं तसा काकांनी मोबाइल पालथा ठेवला, पुढे वाचलं नाही. माझा निम्मा राग तिथेच उतरला.

"मेळावा तोंडावर आलाय. लोक मला फाडून खातील," ते पुटपुटले. तरी साइट बंद करायला त्यांनी माझ्यासमोरच ती बनवणाऱ्याला फोन लावला.

ताईला सांगणं जास्त जड गेलं.

"कुणी वाचलं असेल का गं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खोटा धीर देववेना.

ती उठून आत गेली. आता ही नाव काढून घेणार, या भीतीनं मला जेवण गेलं नाही. पण तिनं काढलं नाही.

दुरुस्ती झाल्यावर मी पुन्हा आकडे बदलून पाहिले, एकही परकं पान उघडलं नाही. शिवाय काकांच्या मागे लागून एक गोष्ट करून घेतली. कुणाला मुलीची खासगी माहिती हवी असेल, तर साइटनं आधी तिलाच विचारायचं. काका कुरकुरले, पण मानले.

परवा ताईच्या मोबाइलवर निरोप आला. रसायनीच्या एका स्थळाला तुमची माहिती पाहायची आहे, दाखवू का? ती कितीतरी वेळ त्या प्रश्नाकडे बघत राहिली. पहिल्या लग्नाच्या वेळी तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. मग तिनं 'नाही' दाबलं आणि हसली.

"आज नको," म्हणाली. "परत विचारलं तर बघीन."