आत्यांना खाली न्यायचा प्लॅन

मी फारशी बोलत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पण त्या रविवारी एकदाच तोंड उघडलं, आणि काय सांगू, लातूरच्या आमच्या आख्ख्या बिल्डिंगसमोर स्वतःची फजिती करून बसले! चहा घ्या, ऐका. हसा खुशाल, पण आमच्या ह्यांच्यासमोर विषय काढू नका.

लग्नाला चार महिने झाले होते. तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं: मी, हे, सासूबाई आणि आत्या, म्हणजे सासऱ्यांची बहीण. आत्यांचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने अधू झालेले. कुबड्यांवर घरभर फिरतात, दिवसभर ब्लाउज शिवतात, आणि बोलणं सुईपेक्षा टोकदार.

झालं काय, मागच्या गल्लीत एका बिल्डिंगचा मीटर बॉक्स पेटला. कुणाला काही झालं नाही, पण माझ्या डोक्यात किडा शिरला. आगीत लिफ्ट वापरत नाहीत. मग आत्या खाली कशा जाणार? कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायचे. शेजारी फोडणी करपली तरी दार उघडून हुंगून यायचे!

ह्यांना विचारलं.

"मी हाय की! उचलून नेतो."

"तुम्ही नऊला जाता, सातला येता."

"मग सातनंतर लागू दे!"



शेवटी मीच वही काढली. दिवसा घरी कोण असतं, कुणाची कंबर धड आहे, सगळं लिहिलं. चार माणसं, दोन्ही बाजूंना हात असलेली एक खुर्ची, बांधायला दोन ओढण्या. पहिल्या मजल्यावरचे माधवकाका तर इतके खूश, की त्यांनी रविवारी सकाळी सरावच ठरवून टाकला. सगळ्यांना विचारलं मी. फक्त आत्यांना सोडून. नवी सून मी! मोठ्या माणसाला तोंडावर कसं विचारायचं, की तुम्ही पळणार कशा?

रविवारी आगीचा इशारा म्हणून काकांनी ताट बडवलं. चौघंजण खुर्ची घेऊन दारात हजर. आत्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"कुणाचं लगीन हाय?"

"आत्या, आग लागलीय," मी हळूच म्हणाले. "म्हणजे, लागलीय असं समजायचं. हे लोक तुम्हाला उचलून खाली नेणार."

"ह्यो माधव? ह्याला सिलेंडर उचलंना, मला उचलतोय! आगीतनं वाचून जिन्यात मरू का? पोरी, मला इचारलं का तू?"

मी वही पाठीमागे लपवली.

"लाईट गेली की लिफ्ट बंद. तवा मी काय वर अडकून बसते व्हय? धर ह्या कुबड्या, ये माझ्यामागं."

आणि आत्या पायरीवर बसल्या. तळहात टेकून एकेक पायरी झपाझप खाली! मागे कुबड्या घेऊन मी, माझ्यामागे रिकामी खुर्ची घेऊन चौघं, त्यांच्यामागे सासूबाई. बघण्यासारखी वरात!

दुसऱ्या मजल्याखालच्या वळणावर आत्या थांबल्या. समोर पाच पोती. उभं माणूस अंग चोरून निघेल एवढीच फट. बसून उतरणाऱ्या आत्यांना हात टेकायला जागाच नाही.

खरंच आग असती तर? धूर कोंडला असता तर? आत्या इथंच अडकल्या असत्या की!

"कुणाची आहेत ही पोती?" मी ओरडले. हो, मी! सासूबाईंनी आ वासला.

"आम्हाला वाटलं, वरच्यांची," खुर्ची धरलेल्यांपैकी एकजण म्हणाला.

"आम्हाला वाटलं, खालच्यांची," दुसरा म्हणाला.

"ज्याची असतील त्याला काही वाटतं की नाही? जिना म्हणजे काय गोदाम आहे?" मी वही उघडली. "नाव सांगा! खाली बोर्डावर लावू, सगळ्यांना कळू दे!"

"बरोबर हाय!" माधवकाका गरजले.

सासूबाईंनी वाकून पोत्यावरची अक्षरं वाचली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाचली.

"ह्यावर तुझ्या बाबांचं नाव हाय गं."

निलंग्याहून आलेली ज्वारी! आठ दिवसांपूर्वी टेम्पोवाल्याचा फोन आला, तेव्हा मी हीच वही भरत बसले होते. "जिन्यात ठेवा, हे आल्यावर वर आणतील," म्हणून फोन ठेवला आणि ह्यांना सांगायचंच विसरले. आणि जिना बघितलाय कुणी? आगीतून सुटायचा सगळा प्लॅन मी लिफ्टमधून ये-जा करत केला होता! त्यात नेमकी आठ दिवस लाईटही गेली नाही.

चौघांनी खुर्ची ठेवून पोती ओढली. वाट मोकळी झाली, तरी आत्या जागच्या हलेनात.

"वहीत माझ्या नावापुढं काय लिवलंय?"

"अडचण: दोन्ही पाय," मी कशीबशी म्हणाले.

"खोड ते. लिही, अडचण: सूनबाईची ज्वारी."

मी लिहिलं. आत्या सगळ्यांच्या आधी खाली पोचल्या, आणि माधवकाकांनी ते पान खरंच बोर्डावर लावलं. अजून आहे. येणारा-जाणारा प्रत्येकजण म्हणतो, सूनबाईचं अक्षर मात्र लई सुरेख!