केपाला, कपाळ आणि ढगे सरांची काठी

लिहायचं लिहायचं म्हणत ही पोस्ट किती दिवस टाळली... रोज मोबाइल उघडायचो, दोन ओळी लिहायचो आणि भलतंच काहीतरी बघत बसायचो. आज उस्मानपुऱ्यात ताईच्या घरी पोहे आणि वायफाय दोन्ही फुकट आहेत, तर लिहूनच टाकतो.

तर त्या दिवशी सकाळी चिकलठाण्याला विमानतळावर एका पाहुणीला आणायला गेलो होतो. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या विज्ञानाच्या शिक्षिका. नाव रत्ना... अगदी आपलंच!

माझी मावसबहीण मीनाताई गारखेड्यातल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार. तिची आणि रत्नाबाईंची ओळख ऑनलाइन झालेली. बाई वेरूळ बघायला येणार होत्या, त्यातला अर्धा दिवस त्यांनी ताईच्या शाळेसाठी राखला होता.

कशासाठी? तर सावलीसाठी.

इंडोनेशिया, थायलंड, कंबोडिया, फिलिपिन्स... तिकडच्या बऱ्याच देशांच्या शाळा मिळून एक प्रयोग करतात. ठरलेल्या दिवशी सगळीकडं सारख्या उंचीची काठी उभी करायची, भर दुपारी तिची सावली मोजायची आणि आकडे एकमेकांना पाठवायचे. त्यावरून पोरं पृथ्वीचा घेर काढतात! मी विचारलं, एकाच शाळेनं नाही का काढता येत? बाई म्हणाल्या, नाही, कमीत कमी दोन लागतात. एकट्यानं पृथ्वी मोजता येत नाही.

हे ऐकून मी सेव्हन हिलचं वळण चुकलो.

यंदा त्यांना आपल्या बाजूची एक शाळा सोबत हवी होती. ताईचा जीव त्यातच अडकलेला. तिच्या पोरांनी शहराबाहेरची शाळा कधी पाहिली नाही, त्यांचा आकडा चार देशांत जाणार! अट एकच, शाळेच्या प्रमुखानं स्वतः हो म्हणायला पाहिजे. आणि प्रमुख म्हणजे ढगे सर. त्यांनी आधीच नाही म्हणून टाकलं होतं.

गाडीत आमचं दुसरंच चालू होतं. त्यांच्याकडं भाषेला 'बहासा' म्हणतात, शिक्षकाला 'गुरू'. थायलंडवाले विज्ञानाला म्हणतात 'वित्थयासात'... म्हणजे विद्याशास्त्रच की! आणि बाईंच्या भाषेत हेडमास्तरला म्हणतात 'केपाला सेकोलाह'. केपाला म्हणजे डोकं. मी लगेच कपाळावर हात मारून दाखवला, म्हणलं आमच्याकडं कपाळ! बाई खूश. पुढं गारखेड्यापर्यंत आम्ही दोघं 'केपाला, कपाळ' करत गेलो.

घोळ तिथंच झाला.

शाळेच्या मैदानावर ताई पोरांना घेऊन उभीच होती. बाईंनी मला हळूच विचारलं, या हेड आहेत का? मला काडी करायची सवय. "ताई, त्या विचारतायत, इथली हेडबाई तूच ना?"

ताईनं कपाळावर हात मारला. "हेडबाई? कपाळ माझं!"

रत्नाबाईंचा चेहरा असा उजळला... दोन्ही हात जोडून वाकल्या. "केपाला!"

मी तोंड उघडेपर्यंत उशीर झाला होता. बाईंनी ताईला बाजूला घेतलं, काठी कुठं रोवायची, कुठल्या वर्गानं मोजायचं, धडाधड सगळं ठरवायला लागल्या. या दिवसांत त्यांच्या गावात दुपारची सावली दक्षिणेला पडते म्हणल्यावर पोरं येडीच झाली. एकजण म्हणाला, "बाई, मग मधी कुठंतरी सावली गायबच होत असंल की!"

तेवढ्यात मागून कुजबुज आली, "ए, ढग आला रे!"

ढगे सर तरातरा येत होते. "मीनाबाई, परीक्षा तोंडावर आली अन् तुम्ही सावल्या मोजायलात व्हय?"

पुढं काही बोलायच्या आत रत्नाबाईंनी हसत हसत त्यांच्या हातात काठी दिली. प्लीज, सरळ धरा. त्यांना वाटलं, मदतीला कुणी शिपाई मामा आले.

सरांना कुणी असं काम सांगून किती वर्षं झाली असतील कोण जाणे... त्यांनी धरली!

"बारा वाजले. घ्या मोजून अन् आटपा."

पण सावली अजून आखडतच होती. पोरं खडूनं खुणा करत होती. एक पोरगी म्हणाली, "सर, हलू नका ना!" सर हलले नाहीत. उलट खिशातला किल्ल्यांचा जुडगा दोरीला बांधून काठीशेजारी धरला, काठी ओळंब्यात आहे का बघायला. साडेबारा झाले तरी जागेवर. सावली पुन्हा वाढायला लागली तेव्हाच काठी खाली आली.

टाळ्या झाल्या. रत्नाबाई ताईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, थँक यू, केपाला.

ताई गप्प राहिली असती तर काम होत होतं. मी डोळ्यानं खुणावतही होतो. पण तिनं मान हलवली... मी नाही, ज्यांनी काठी धरलीय ते केपाला.

बाई लाजून लाल. सरांची दहादा माफी मागितली. सरांनी किल्ल्या खिशात टाकल्या, एकच शब्द बोलले, "बघू."

आपल्याकडं 'बघू'चा अर्थ काय, ते तुम्हाला माहीत आहे. कळवायची मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे. ताई सकाळपासून फोन उलटा ठेवून कपड्यांच्या घड्या करतेय, त्याच त्याच.

मी कॉलेज अर्धवट सोडून इतका भटकलो, पण इथून जावा बेटापर्यंत एक सावली मोजत जाता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रत्नाबाई, थँक्यू. ताई, तुलाही... खरं बोललीस त्याबद्दल जरा जास्तच.

थांबा, बेल वाजली...

दारात ढगे सर आहेत! एका हातात काठी, दुसऱ्या हातात ओळंबा, खराखुरा, गवंड्याचा. चप्पलही न काढता विचारतायत, "मीनाबाई, काल गच्चीवर सावली मोजली मी. बाराला नाय, साडेबाराच्या पुढं होती सगळ्यात बारकी... त्या बाईंना कळवलं का तुम्ही?"