त्सुकुबातलं ऱ्होड आयलंड

"तेव्हा आपले महाराज सहा वर्षांचे होते," असं म्हणून सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उजेड पडतोय का ते बघायचे. समोरचा बहुधा आमच्या संस्थेतला एखादा जपानी सहकारी असे. तो बिचारा कॅन्टीनमध्ये मुकाट्याने उदोनच्या शेवया खायला आलेला. अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड नावाचं राज्य वसलं तेव्हा महाराष्ट्रात कोण किती वर्षांचं होतं, हे त्याने विचारलेलंच नसायचं. तो "आ, सो देस का", म्हणजे 'अस्सं होय', म्हणायचा आणि सरांना तेवढं पुरायचं.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. तुमचा क्रिकेटवर बोलत असेल किंवा शेअर बाजारावर. आमच्या नशिबी ऱ्होड आयलंड आलं.

सर जपानमधल्या त्सुकुबात, आमच्याच संस्थेत, भूकंपात इमारती कशा टिकतात यावर संशोधन करत. २०११ च्या भूकंपात ते राहत ती इमारत उत्तम टिकली. तरीही अणुवीज केंद्रातून होणाऱ्या किरणोत्सर्गाच्या बातम्या ऐकून त्यांनी बायकोला आणि सहा वर्षांच्या लेकीला मेव्हणीकडे अमेरिकेला पाठवून दिलं. दोन आठवड्यांसाठी. मेव्हणी ऱ्होड आयलंडला राहायची. आठवड्यांचे महिने झाले, वहिनींना तिथल्या विद्यापीठात नोकरी लागली, लेक शाळेत रुळली. सर मात्र दर वर्षी थंडी सरत आली की सांगायचे, "एप्रिलमध्ये येतायत." जपानी शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, म्हणून एप्रिल. आम्ही "हो का, वा" म्हणायचो. एप्रिल यायचा, चेरीचा साकुरा फुलायचा, आणि सर पाडव्याला एकटेच आमच्याकडे जेवायला यायचे.

मग लेक चौथीत गेली आणि तिला राज्याचा इतिहास हा विषय आला. झालं, सरांच्या अंगात आलं. रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे शनिवारी संध्याकाळी, ते लॅपटॉपसमोर शिकवणी घ्यायला बसत आणि त्याची रंगीत तालीम आठवडाभर आमच्यावर होई. एका धर्मोपदेशकाची मतं पटेनात म्हणून शेजारच्या वसाहतीने त्याला हद्दपार केलं. ऐन थंडीत तो पायपीट करत निघाला. तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याला जागा दिली, आणि त्याने जाहीर केलं की ज्याने त्याने आपापला देव आपापल्या पद्धतीने पुजावा. मग ठिकठिकाणची हाकललेली माणसं तिथे गोळा झाली. शेजारी त्याला लफंग्यांचं बेट म्हणू लागले. इंग्रजांच्या राजाला सगळ्यांत आधी झिडकारलं ते यांनी ("तेव्हा पुण्यात बारभाईंचा कारभार होता"), आणि नव्या देशात तेरा वसाहतींपैकी सगळ्यांत शेवटी शिरले तेही हेच. आपल्याच भावकीतली भांडणं सांगावीत इतक्या चवीने सर हे सांगत. गुलामांचा व्यापार तेवढा गाळलात, असं मी एकदा खोचकपणे म्हटलं तर दुखावले. "गाळला नाही. जहाजं तिथूनच सुटायची, हे तिला पहिल्यांदा सांगितलंय."

शाळेने वसाहतीची माहिती सांगणारं प्रोजेक्ट करायला सांगितलं, आणि नेमकी दिवाळी तोंडावर होती. मराठी बापाने अशा वेळी काय करावं? सरांनी इमारतीच्या सायकल स्टँडशेजारी किल्ला करायला घेतला. होम सेंटरमधून मातीच्या पिशव्या आणल्या, निळ्या प्लास्टिकचा समुद्र केला, रिसायकलिंगसाठी धुऊन ठेवलेल्या दुधाच्या खोक्यांची घरं केली, उतारावर मोहरी पेरली. पण इंग्रज वसाहतवाले कुठून आणणार? मग पुण्याहून कधीतरी आणलेले मातीचे मावळे निघाले. सतराव्या शतकातल्या अमेरिकेत मावळे पहाऱ्याला उभे राहिले आणि टेकडीवर खुद्द महाराज सिंहासनावर विराजमान झाले.

"सर, महाराज इथे कशाला?" मी विचारलं.

"नवी वसाहत आहे. कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

रविवारी उद्घाटन. मी आणि माझा नवरा प्रेक्षक म्हणून हजर. सरांनी लॅपटॉप खाली आणून कॅमेरा किल्ल्यावरून सावकाश फिरवला. पलीकडून लेक खुदुखुदु हसली.

"बाबा, भारी झालंय. पण माझं मी केलंय. दाखवू?"

तिने एक मोठा कागद धरला आणि इंग्रजीत घडाघडा सांगायला लागली. आधी मूळ रहिवासी, मग तो धर्मोपदेशक. मग जहाजांतून बांधून आणलेली माणसं, मग गिरण्यांत कामाला आयर्लंडहून, कॅनडातून, पोर्तुगालहून आलेली, मग युद्धातून पळालेले कंबोडियाचे लोक. शेवटी एक विमान काढलं होतं आणि त्याच्या खिडकीत दोन चेहरे. आई आणि मी, ती म्हणाली.

सरांना चुका सुधारायची सवय. ते लगेच म्हणाले, "ते शेवटचं खोड. तुम्ही तिथे पाहुण्या आहात. तुम्ही वसाहत केलेली नाही."

लेक रागावली नाही. तिला खरंच माहिती हवी होती. "बाबा, किती वर्षं राहिलं की आपण पाहुणे नसतो?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. आम्ही वाट बघत राहिलो, पण महाराजांचं वय आलं नाही. तिकडे वहिनी भांडी घासत होत्या, त्यांचा नळ बंद झाला. "नेट गेलं वाटतं," सर म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. नेट छान चालू होतं. मग ते किल्ल्यापाशी बसले आणि सरळ उभा असलेला मावळा सरळ करत राहिले. 

जपानमध्ये कचऱ्याची गाडी माती नेत नाही, त्यामुळे किल्ला तिथेच राहिला. थंडी सरत आली तेव्हा सर कॅन्टीनमध्ये म्हणाले, "एप्रिलमध्ये." आम्ही सवयीने "हो का, वा" म्हणून मोकळे झालो. ते म्हणाले, "जातोय. राजीनामा दिला." हातातलं संशोधन अर्धं राहिलं होतं आणि तिकडे नोकरीचा पत्ता नव्हता. त्यांना त्सुकुबाच्या बस टर्मिनलवर सोडायला आम्ही गेलो, तर बस सुटेपर्यंत तिकडच्या गिरण्यांचा इतिहास ऐकावा लागला.

आता कॅन्टीनमध्ये सगळे शांतपणे उदोन खातात. मला ती शांतता अजिबात आवडत नाही.

पोचल्यावर त्यांचा फोन आला होता. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने म्हणे विचारलं, इथे किती दिवस राहणार?

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, साहेब, मुलगी बाहेर उभी आहे. तिला विचारून सांगतो."