शिकवणीचा राखणदार

आमच्या सासऱ्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे, आणि त्याची फळं सुनेच्या वाट्याला यायची. गावाकडे, माणदेशात, त्यांच्या रानात दरवर्षी धनगर मेंढरं बसवायचे. चार रात्री मेंढरं बसली की शेताला खत आयतंच मिळतं. त्या वर्षी जाताना म्हाताऱ्या धनगराने खुशीने कुत्र्याचं एक पिल्लू दिलं. सासऱ्यांनी ते पिशवीत घालून एसटीने थेट वसईला आणलं आणि उमेळ्याजवळच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सोडलं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. बिल्डिंग नवी होती, टँकर आला की हंडे घेऊन खाली धावावं लागे, आणि मी घरातच बारा मुलांची शिकवणी घेत होते.

मुलं पिल्लाला मांडीवर घेऊन पाढे म्हणायची. ते सतरंजीवर त्यांच्या दप्तरांत तोंड खुपसून झोपायचं. धनगर असल्या पिल्लाला अगदी लहानपणीच कोकरांत सोडतात आणि ज्यांच्यात ते वाढतं त्यांचीच जन्मभर राखण करतं, हे सासऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. सांगायचं राहून गेलं म्हणे. या राहून गेल्याचा मला अजून राग येतो.

वर्षभरात तो माझ्या कमरेला लागला. बिल्डिंगमधले त्याला ‘मास्तरीणबाईंचा वाघ’ म्हणायला लागले. चार वाजता मुलं आली की दारात उभा राहून एकेकाला हुंगून आत घ्यायचा आणि बारा पूर्ण झाली की उंबऱ्यावर आडवा पडायचा. मग आत यायची कुणाची टाप नव्हती. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तरी जिन्यावरूनच परत जायची. आधी मला कौतुकच वाटलं. फुकटचा शिपाई मिळाला होता. सहा वाजता आया मुलांना न्यायला यायच्या, तेव्हा मात्र मला त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागे. त्याची गुरगुर माझ्या मनगटांत जाणवायची.

एकदा एका आईने दारातच गणिताची वही उघडून पाहिली आणि पोराला मारायला हात उगारला. पट्टा माझ्या हातातून निसटला. त्याने तिला भिंतीशी गाठलं आणि तिचं मनगट तोंडात धरलं. चावला नाही, साधा ओरखडाही उठला नाही. पण मी ओरडले तरी तो सोडेना. शेवटी तिच्याच मुलाने त्याच्या मानेला मिठी मारली, तेव्हा सोडलं.

दुसऱ्या दिवशी दोनच मुलं आली, आठवड्याने एकही नाही. कुत्रा बांधून ठेवा नाहीतर हलवा, असं सोसायटीने लेखी कळवलं. त्याला गॅलरीत ग्रिलमागे बांधला. तिथे त्याला धड वळताही येत नसे. रिक्षा गेली की भुंकायचा, भुंकला की खालून शिव्या यायच्या. मी नजरेआड झाले की असा विव्हळायचा की भाजीसुद्धा नवराच येताना आणू लागला. दार बंद, गॅलरी बंद, आत तो आणि मी. पहाटे अर्धा तास त्याला केळीच्या वाड्यांकडे फिरवून आणायचे, तेवढाच काय तो मोकळा श्वास. मग तिथेही पत्र्याचं कुंपण पडलं आणि नव्या बिल्डिंगची पाटी लागली. मला त्याचा तिटकारा यायला लागला होता, आणि त्या तिटकाऱ्याची लाजही वाटायची.

शेवटी मीच हट्ट धरला की हा धनगराला परत द्यायचा. टेम्पो करून गावी गेलो. माळावर मेंढरं चरत होती. मला वाटलं, हा आता उडी मारून त्यांच्यात जाईल आणि मी सुटेन. तो माझ्या पायांत शिरला. एवढा दांडगा जीव, एक मेंढी जवळ आली तर अंग चोरून थरथरायला लागला. म्हातारा धनगर साखळी घ्यायला पुढे आला, तसा मात्र माझ्यासमोर आडवा उभा राहिला. तीच गुरगुर.

म्हातारा होता तिथेच खाली बसला आणि त्याला निरखू लागला.

“ह्येला मेंढरू ठावंच न्हाय,” तो म्हणाला. “ठिवून घेतला तर झुरून मरंल. सूनबाई, ह्येचं मेंढरू म्हंजी तुमी.”

मला रडू फुटलं. कुत्र्याच्या मायेने नाही, स्वतःचीच कीव आली म्हणून. त्याला तिथेच टाकून पळावं असं मनात आलं होतं, हे आता कबूल करते. नवरा टेम्पोवाल्याशी उगाच टायरांबद्दल बोलत राहिला. मी साखळी हाताला गुंडाळली आणि त्याला परत टेम्पोत चढवलं.

त्यानंतर त्याला गॅलरीत कधी बांधला नाही. दाराला लोखंडी जाळी बसवून घेतली, तोंडाला मुसकी घालून सकाळ-संध्याकाळ तासभर फिरवायला लागले. शिकवणी गेली ती गेलीच. तो पुढे आठ वर्षं जगला, आणि आठ वर्षांत मी माहेरी एक रात्रही राहिले नाही.

गावाहून परत आलो त्या दुपारी चार वाजले, तेव्हा मी सवयीने सतरंजी अंथरली. तो दारात जाऊन उभा राहिला. जिन्यावर कुणाचीच पावलं वाजली नाहीत. थोडा वेळ वाट पाहून तो आत आला, मला एकदा हुंगलं, आणि जाऊन उंबऱ्यावर आडवा पडला. त्याचा कळप पुरा झाला होता.