वर धरलेला हात

रविवारच्या उपासनेत साहेबांनी माझा बँडेज बांधलेला हात मनगटाला धरून वर केला आणि सगळ्या मंडळीला दाखवला. बाजारात कोंबडी दाखवतात तसा. म्हणाले, "सिस्टरच्या हलगर्जीपणामुळे दोन बोटं गेली, पण प्रभूनं जीव वाचवला. आता सिस्टर प्रभूच्या कृपेची साक्ष देतील."

लोक टाळ्या वाजवत होते. हात ठणकत होता. पण त्याहून तो एक शब्द झोंबला. हलगर्जीपणा.

साहेब कासारवाडीतल्या आमच्या छोट्या चर्चचे वडील, म्हणजे पास्तरांच्या खालोखाल कारभार बघणारे. नेहमी सांगायचे, देवाचं गौरव नुसतं गाण्यात नसतं, रोजच्या कामात दिसलं पाहिजे. मला ते फार पटायचं. चाकणच्या ज्या कंपनीत ते प्रॉडक्शन मॅनेजर, तिथेच त्यांनी मला पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर लावलं. चर्चमध्ये मी सिस्टर. गेटच्या आत, माझ्या गावावरून, 'ए जालना'. पहिल्या दिवशी मी त्यांना हात जोडून 'प्रभूची स्तुती असो' म्हटलं, तर इकडेतिकडे बघून म्हणाले, इथे ओळख दाखवायची नाही. त्यांचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, शिकलेलं. माझ्या आईबापांनी मांगवाड्यात बाप्तिस्मा घेतलेला. मोठ्या माणसाची काही अडचण असेल, असं म्हणून मी गिळलं.

प्रेसला सेन्सर असतो. आत हात असला की मशीन थांबतं. त्यानं माल कमी निघतो, म्हणून साहेबांनी तो बंद करायला लावला होता. मी एकदा भीत भीत विचारलं. तर म्हणाले, "विश्वास कमी पडतोय तुझा. प्रार्थना करून मशीनला हात लाव." मी लावायचे. रोज शिफ्ट सुरू होताना त्या लोखंडावर तळवा ठेवून डोळे मिटायचे. बाकीच्या बाया हसायच्या, हसू देत.

एका दुपारी त्याच हाताची बोटं आत राहिली.

साहेब दवाखान्यात आले, सफरचंदं घेऊन. प्रार्थना करताना रडले. मग हळूच म्हणाले, मंगळवारी सरकारी इन्स्पेक्टर येणार आहे, चूक तुझीच होती असं सांग. तुला पॅकिंगला हलकं काम देऊ. क्षमा करण्यातच देवाचं गौरव असतं. नवऱ्याचं काम सुटलेलं, घर माझ्यावर. मी हो म्हटलं. त्यांचं रडणं मला खरं वाटलं होतं, याची आता चीड येते.

शनिवारी शेजारची शबाना आली. तिला त्या कंपनीत मीच चिकटवलं होतं. म्हणाली, तुझ्या मशीनवर मला बसवलंय. मी आधी सेन्सरचं विचारलं.

"बंदच आहे ताई. साहेब म्हणाले, आधीची बाई बेसावध होती, तू नीट कर."

त्या रात्री मी जेवले नाही.

आणि आता मंडळी साक्षीची वाट बघत होती. मी साहेबांच्या मुठीतून हात सोडवून घेतला. म्हटलं, "मी बेसावध नव्हते. सेन्सर यांनी बंद करायला लावला. आजही बंद आहे. आता तिथे शबाना काम करते."

टाळ्या बंद. पास्तरांनी घाईघाईनं गाणं सुरू केलं. बाहेर साहेबांच्या बायकोनं मला खाल्ल्या घरचे वासे मोजणारी म्हटलं. पास्तर म्हणाले, कंपनीच्या गोष्टी देवाच्या घरात आणू नयेत. मग साहेब देवाच्या गोष्टी कंपनीत न्या असं कशाला सांगत होते आम्हाला? तिथे कुणाला तोंड दाखवायला लाज वाटते, देवाला का साहेबांना?

पॅकिंगचं काम गेलं, हे मला कळतंय. जाऊ दे. मंगळवारी इन्स्पेक्टरपुढे, साहेबांच्या तोंडावर, हेच बोलणार. शबानाला सांगितलंय, सेन्सर चालू झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. तिनं विचारलं, काढून टाकलं तर?

म्हटलं, तर गेटवर दोघी बसू. आणि आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून माझा हात मी स्वतः दाखवीन.