फेर धरण्याएवढा हॉल

घर घेताना लोक पाणी बघतात, ऊन बघतात, बँकेचा हप्ता बघतात. मी नाच लावून बघितला.

रोह्यात नवी बिल्डिंग उठत होती. आमच्या ऐपतीतले दोनच फ्लॅट शिल्लक होते आणि दोन्हींची किंमत सारखी. एकात दोन बेडरूम, पण हॉल कसा, तर दोन माणसं समोरासमोर बसली की गुडघ्याला गुडघे. दुसऱ्यात बेडरूम एकच, हॉल मात्र ऐसपैस. राहणारी माणसं चार: मी, बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि आई. आई निडीजवळच्या आमच्या गावात एकटी राहायची, तिला आता आणायची होती. तिच्याबरोबर गावचा पाच दिवसांचा गणपतीही माझ्याकडे येणार होता, आणि गणपतीमागून भाऊ, भावजया, चुलते, त्यांची पोरं. आमच्याकडे नुसत्या आरतीवर भागत नाही. बाल्या नाच लागतो. पायात चाळ बांधून बाप्यांनी फेर धरायचा. जागेअभावी फेर मोडला असता तर भावकीत तोंड दाखवायची सोय नव्हती.

म्हणून कंपनीतून पहिली शिफ्ट सुटल्यावर मी बरोबरचे सहा गडी थेट साइटवर नेले आणि दोन्ही फ्लॅटमध्ये नाचवले. सुपरवायझर धावत वर आला.

"काय चाललंय हे?"

"माप घेतोय."

लहान हॉलमध्ये एकाचं कोपर खिडकीला बसलं. मोठ्यात फेर गरगर फिरला. नुकसान झालं ते चुन्याच्या एका बादलीचं.

बायको हमरापूरची. माहेरी मूर्तींचा कारखाना. ती मला म्हणाली, "अहो, देवांनी घर भरलं की माणसं ओट्यावर झोपतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. नाच पाच दिवसांचा. बाकीचं वर्ष आईंनी काय उभ्यानं काढायचं? त्यांना एक दार असलेली खोली हवी."

मग मी आईला विचारलं. म्हणजे विचारल्यासारखं केलं.

"देवाला जागा पायजे बाबा," आई म्हणाली. "माझा काय, पडेन कोपऱ्यात."

कुठलीही आई असं म्हणते तेव्हा तिच्या मनात काय असतं, ते शेंबड्या पोराला कळतं. मी मात्र त्या दिवशी तिच्या शब्दाबाहेर न जाणारा आज्ञाधारक मुलगा झालो.

पहिला गणपती दणक्यात झाला. फेर असा रंगला की खालचे भाडेकरू छताकडे बघत वर आले आणि नाचून गेले. मी आठ दिवस छाती फुगवून फिरत होतो. पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास आई मोरीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. मी रात्रपाळी करून दिवसा बेडरूममध्ये झोपणार, संध्याकाळी मुलगी तिथेच अभ्यास करणार. आईची खाट मग हॉलमध्ये आली. माझ्या त्या सुप्रसिद्ध हॉलमध्ये, मुख्य दाराच्या अगदी समोर.

आईचं सगळं आता खाटेवरच. अंग पुसणं, लुगडं बदलणं, खाली भांडं सरकवणं. आणि दार उघडलं की दूधवाला, गॅसवाला, वर्गणीवाली पोरं, शेजारीण, सगळ्यांची पहिली नजर खाटेवर. दारावरची बेल वाजली की आई तोंडावर पदर ओढायची आणि झोपेचं सोंग घ्यायची. मी तोडगा काढला: दोरी बांधून पडदा लावला. पंखा लावला की पडदा उडून छताला जाई, पंखा बंद केला की आई घामानं भिजे. पडद्याच्या खालच्या काठाला मी नाचातले घुंगरू बांधले. वजनानं पडदा खाली राहिला, पण आत काही सरकवलं की छुमछुम व्हायचं. आई हसली. तेव्हा मला माझी युक्ती भलतीच आवडली होती.

आधी बायकोच्या लक्षात आलं. सकाळी उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला असायचा.

"आई, पाणी का नाय पीत?"

"पाणी प्यायला की मागना सगला आला गो," आई म्हणाली. "दारात मानसा उभी. नको."

गणपती आले. हॉलला शोभेल म्हणून मी यंदा सासुरवाडीहून मूर्तीही मोठी आणली. भांडं नि देव एका खोलीत नकोत, असं आईच म्हणाली. तिची खाट बेडरूममध्ये गेली आणि बायकोनं दार लावून घेतलं. बाहेर फेर घुमत होता आणि आत आईनं तांब्या रिकामा केला. दुसऱ्या दिवशी तिनं दोनदा चहा मागितला. पाच दिवसांत तिच्या चेहऱ्यावर तेज आलं. पाहुणे म्हणाले, देवाचा प्रताप. प्रताप कडीचा होता.

विसर्जनाच्या रात्री बायको म्हणाली, "आईंना आतच राहू द्या. आपण हॉलमध्ये झोपू."

"सोमवारपासून माझी रात्रपाळी आहे. दिवसभर त्या बेलखाली झोप लागेल का मला? नंतर बघू."

सोमवारी आम्ही खाट बाहेर आणली. मखर नुकतंच काढलं होतं, तिथेच जागा मोकळी होती. तांब्या पुन्हा भरलेला राहू लागला. दिवाळीच्या आत तिला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, लघवीतलं इन्फेक्शन आहे, पाणी फारच कमी जातंय पोटात. सलाइन लावलं. आई आजाराशी थोडीफार झगडली, मग थांबली.

दवाखान्यातून तिला घरी आणलं. भावकी गोळा झाली. सगळे बसले तरी हॉलमध्ये जागा उरली. शेवटची आंघोळ घालायची वेळ झाली तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, "एवढा मोठा हॉल हाय. इथंच चार चादरी धरा आणि उरका."

"नाय," बायको म्हणाली. "आत न्या."

"अगं, अंथरुणं भिजतील..."

"भिजू देत."

चार बायकांनी आईला उचलून बेडरूममध्ये नेलं. भाऊ माझ्याकडे बघत राहिला, मी पडद्याच्या दोरीकडे. बायकोनं आतून कडी लावली. मग बराच वेळ आतून नुसता पाण्याचा आवाज येत होता.